शेवटचा रकाना

मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. आठशे प्रती. दुकानांत, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकापाशी वाटल्या, आणि उरलेल्या त्यांच्याच ऑफिसच्या जिन्यात ठेवून आलो. तेव्हा आता त्यांच्याबद्दल बरं लिहायचा हक्क मला आहे का, हे तुम्हीच ठरवा. दुसरं कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितोय. इमारतीच्या पाटीवर आर्किटेक्टचं नाव असतं, ठेकेदाराचं असतं, फीत कापणाऱ्याचं तर सगळ्यांत मोठं असतं. नकाशा काढणारीचं नाव मी आजवर एकाही पाटीवर वाचलेलं नाही, आणि पाट्या वाचायची मला खोड आहे.

ऑफिसात त्यांना फूटपट्टी म्हणतात. समोर असल्या की फूटपट्टीताई. ठेंगण्या, सडसडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक घट्टा आहे, जुन्या शाईच्या पेनाचा. पेनं गेली, घट्टा राहिला. वडील गिलाव्याचं काम करायचे. भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पोरीला बाराखडीच्या आधी कळायचं, असं त्यांच्या सासूबाई सांगतात. आणि सासूबाई सुनेचं कौतुक उगाच करणाऱ्यांतल्या नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात लागल्या. काम एकच, साहेबांच्या पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचा. चुकलं तर पात्यानं खरवडायचं. तीनदा खरवडलं की कागदाला भोक. साहेबांनी एक खिडकी फूटभर सरकवली की ती जमिनीच्या नकाशात खरवडा, दर्शनी नकाशात खरवडा, छेदाच्या नकाशात खरवडा, खिडक्यांच्या यादीत खरवडा. कुठेतरी एक राहायचीच. "आणि गवंडी नेमका तोच कागद घेऊन उभा राहायचा," असं त्या सांगतात.

मग कॉम्प्युटर आला. त्याच रेघा काचेवर आल्या, एवढाच फरक. चव्वेचाळिसाव्या वर्षी मात्र खरी नवी गोष्ट आली. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' असं तिचं लांबलचक नाव, ऑफिसात नुसतं मॉडेल म्हणतात. पोरवयाचे दोघे शिकायला पाठवले होते, ते शिकून दुसरीकडे गेले. ताई शिकल्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात माउस. इथे रेघ काढायची नसते, भिंत बांधायची असते. त्या भिंतीला ठाऊक असतं की आपण भिंत आहोत, किती जाड, कशाची, आतून काय लावलंय. खिडकी एकदा सरकवली की सगळ्या नकाशांत, सगळ्या याद्यांत सरकते. साहेबांचा अर्धा दिवस पूर्वी एक कागद दुसऱ्याशी जुळतो का हे बघण्यात जायचा. "आता तो अर्धा दिवस साहेब नुसते खिडकीबाहेर बघतात," ताई म्हणतात. "त्याला डिझाइन म्हणायचं असतं."

पण मोठी गोष्ट वेगळीच. आर्किटेक्टच्या भिंती, इंजिनिअरचे बीम, प्लंबरचे पाइप, वायरवाल्याच्या नळ्या, हे सगळे आयुष्यभर वेगवेगळ्या कागदांवर राहणारे लोक मॉडेलमध्ये एकाच घरात येतात. आणि एकाच जागेवर दोघांनी हक्क सांगितला की तिथे लाल होतं. त्याला ते क्लॅश म्हणतात. ताई टक्कर म्हणतात. त्या टकरींची यादी करायची, प्रत्येकीला क्रमांक द्यायचा, कोणाची कोणाशी, कोणत्या मजल्यावर, सोडवायची कोणी, सगळं लिहायचं आणि एकेक करून मिटवायची. आपल्या वस्तीच्या दवाखान्याच्या कामात हे सगळं साहेबांनी प्रथमच एकट्या ताईंवर सोपवलं. पंचवीस वर्षं नकाशाच्या कोपऱ्यात 'रेखाटलं' या शब्दापुढे त्यांची दोन अक्षरं यायची. या वेळी ती 'तपासलं' पुढे येणार होती. ही इमारत पायापासून गच्चीपर्यंत आपल्या देखरेखीखाली उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. तेच मी हिसकावून घेतलं.

दवाखान्यासाठी आमच्या समितीनं सहा वर्षं लढा दिला. जुना दवाखाना म्हणजे दुकानावरच्या दोन खोल्या, अरुंद जिना. बाळंतीण वर न्यायची तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलायची. त्या चौघांत बहुतेकदा मी असायचो. मी समितीचा अध्यक्ष. शाळा सातवीत सुटली, बाकीचं मोर्च्यांत आणि कचेऱ्यांच्या बाकांवर शिकलो, आणि कोणाचंही ऐकून घ्यायची मला सवय नाही.

पहिल्याच भेटीत बिनसलं. ऑफिसात मला अर्धा तास बसवून ठेवलं. मग ताईंनी मोठा नकाशा पुढ्यात ठेवला. आमचे दोन सभासद सोबत, दवाखान्याच्या सिस्टरही होत्या. मी जाणकारासारखा बोट फिरवत म्हणालो, "मुख्य दरवाजा रस्त्याच्या पाठीमागे काढलाय. लोकांनी काय भिंतीवरून उड्या मारून यायचं?"

ताईंनी मान वर न करता सांगितलं, "कागद फिरवा. उलटा धरलाय."

आधी सिस्टर हसल्या. मग माझेच दोघे. मी कागद फिरवला, पण डोकं फिरलं ते फिरलंच.

त्यानंतर ताईंनी सिस्टरना पडद्यासमोर बसवलं. "चला, जिन्यानं वर." सिस्टरनी खुर्चीत बसल्या बसल्या पाय उचलला, इतकं ते खरं वाटत होतं. पहिला मजला, बोळ, प्रसूतीच्या खोलीचं दार.

"इथं स्ट्रेचर वळणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"कशावरून?"

"बारा वर्षं वळवतेय, कशावरून काय."

ताईंनी मॉडेलमध्ये एक स्ट्रेचर आणून ठेवलं, फिरवलं. कोपरा लागला. त्यांनी भिंत दीड फूट आत ओढली. बाजूच्या नकाशात भिंत हलली, फरशांचा आकडा बदलला, पण वरच्या बाजूला आधीपासून लाल असलेला एक ठिपका लालच राहिला. "बघा, भिंत हलवली तरी संडासाचा पाइप बीममध्ये घुसतोयच. हा आत्ताच सोडवते. साइटवर कळलं असतं तर हातोड्यानं सोडवला असता." सिस्टर बघतच राहिल्या. मी मागे उभा होतो. "सिनेमा संपला की सांगा," म्हणालो. कोणी हसलं नाही.

निघताना मी सगळे कागद मागितले. लपवालपवी चालणार नाही, लोकांचा दवाखाना आहे, वगैरे. ताईंनी टकरींची यादी छापून माझ्या हातात दिली. अकरा पानं. नाव घेऊन मागितली नव्हती, तरी दिली. "वाचा. समजलं नाही तर विचारा," म्हणाल्या.

मला तो 'विचारा' लागला.

वर ठळक लिहिलं होतं, एकूण टकरी ३४६. मला एवढं पुरे होतं. तिसऱ्या दिवशी पत्रक निघालं. 'दवाखाना की सापळा? एकाच इमारतीत ३४६ चुका. आर्किटेक्टच्या ऑफिसची स्वतःची कबुली.' खाली त्यांच्याच यादीचं एक पान छापलं, पुरावा म्हणून. प्रेसवाला म्हणाला, रुंदीत बसत नाही, शेवटचा रकाना कापावा लागेल. मी म्हटलं, काप.

त्या रकान्यात काय होतं, हे मी बघितलं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगितलं. नजर फिरली होती. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द होता, वरपासून खालपर्यंत. तो वाचायला थांबलो असतो तर पत्रक निघालं नसतं, म्हणून थांबलो नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितोय.

पत्रक पेटलं. लोक चिडले, 'मॉडेलचे खेळ बंद करा, बांधकाम सुरू करा' अशा घोषणा झाल्या. दुसऱ्या आठवड्यात ताई स्वतः समितीच्या खोलीवर आल्या. ऑफिसचा माणूस नाही, साहेब नाही, एकट्या. हातात तीच यादी. खोलीत पंधरावीस जण होते.

"हा आकडा चुकांचा नाही," त्या म्हणाल्या. "सापडलेल्या टकरींचा आहे. बांधायच्या आधी सापडल्या म्हणजे चांगलं. सुरुवातीला नऊशे होत्या."

"म्हणजे आधी नऊशे चुका केल्या होत्या," मी म्हणालो.

खोली हसली. मला बरं वाटलं. हसण्याला हसणं, फिटंफाट.  ताईंनी यादीची घडी घातली, चष्मा काढला आणि गेल्या.

साहेब घाबरले. वरच्या कचेरीतून विचारणा झाली होती. मॉडेल बाजूला ठेवलं, जुन्या पद्धतीचे सुटे नकाशे काढायचं ठरलं, पहिल्या आराखड्यावरून. ठेकेदार खूश, त्याला मॉडेलची कटकट नकोच होती. ताईंना मागच्या खोलीत बसवलं, जुन्या इमारतींचे नकाशे तारखेवार लावायला. कोपऱ्यात 'तपासलं' पुढे दुसऱ्याच कोणाची तरी अक्षरं आली. आम्ही समितीत चहा पाजला सगळ्यांना. काम सुरू करायला भाग पाडलं, म्हणून.

पाच महिन्यांनी पहिल्या मजल्याच्या डोक्यावरचा स्लॅब ओतून झाला. मी बघायला गेलो तर प्रसूतीच्या खोलीच्या दारावरचा बीम खालून फोडलेला, आतली सळई उघडी, आणि त्यातून संडासाचा जाड पाइप खाली काढलेला. प्लंबर म्हणाला, "माझ्या कागदात इथं बीमच नव्हता, साहेब. मी काय करू?" बीमवाल्याच्या कागदात पाइप नव्हता. दोघंही खरं बोलत होते.

दोन दिवसांनी सिस्टरना घेऊन गेलो. त्यांनी जुन्या दवाखान्यातलं स्ट्रेचर उचलून आणायला लावलं. रिकामंच. बोळातून आणलं, दाराशी वळवलं, आणि ते अडकलं. तिरपं केलं, उभं केलं, मागे घेतलं. नाहीच.

"हे त्या बाईंनी सोडवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "माझ्यासमोर. तुम्हीही होतात."

"हो."

"सिनेमा संपला की सांगा म्हणालात."

मी स्ट्रेचरचं दुसरं टोक धरून ते मागे ओढलं.  भिंत सरकवली ती मॉडेलमध्ये. पहिल्या आराखड्यात ती तिथेच होती, आणि आम्ही पहिल्या आराखड्याची इमारत बांधून घेतली होती, घोषणा देऊन.

खोलीवर येऊन यादी काढली. समितीचा एकही कागद मी फेकत नाही. दुपारभर वाचली, सगळे रकाने, बोट ठेवून. क्रमांक ११२: पहिला मजला, संडासाचा पाइप आणि बीम, प्रसूतीच्या खोलीचं दार, सोडवणार प्लंबिंग. शेवटचा रकाना: 'सुटली.' पानामागून पान. सुटली, सुटली, सुटली. मी मोजलं. तीनशे अकरा सुटलेल्या, पस्तीस बाकी, आणि त्या पस्तिसांपुढे कोणत्या तारखेपर्यंत सोडवायच्या तेही लिहिलेलं. पंचवीस वर्षांत त्या बाईनं केलेलं सगळ्यांत नेकीचं काम मी तिच्या गळ्यात पाटीसारखं अडकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दार सासूबाईंनी उघडलं.

"पत्रकवाले का?"

"हो."

"आज किती वाटताय?" आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुझे अध्यक्ष आलेत. चहा टाकू की नको?"

"नको," आतून आवाज आला.

ताई बाहेर आल्या, ओले हात पुसत. मी उभाच. पाठ केलेलं सगळं विसरलो. "चुकलं माझं," एवढंच निघालं.

"कितवं?" त्यांनी विचारलं. "तीनशे सेहेचाळिसातलं कितवं म्हणताय?"

सासूबाई आत खुदकन हसल्या. मला राग आला. खोटं का बोलू. मग तो गिळला. "एकशे बारावं," म्हणालो. "आणि शेवटचा रकाना मी कापायला सांगितला."

ताईंनी हात पुसायचे थांबवले. "बसत नव्हता म्हणून?"

"बसत नव्हता. आणि बसवायचाही नव्हता."

तेव्हा कुठे त्या खुर्चीवर टेकल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. "वरचा स्लॅब कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"मग ऐका. माफी तुमच्यापाशीच ठेवा. जे बांधलंय ते मोजून मॉडेलमध्ये घालायला मला दहा दिवस लागतील. वरच्या मजल्याच्या टकरी सोडवायला आठवडा. मला तिथे परत बसायचंय. साहेब स्वतःहून बसवणार नाहीत, त्यांना तुमची भीती आहे. लोकांनी मागितलं तर बसवतील. आणि लोक तुमच्या पत्रकावर विश्वास ठेवून बसलेत."

"म्हणजे मी सगळ्यांसमोर सांगायचं."

"ते तुमचं तुम्ही बघा."

परतताना मी रस्ताभर हिशेब करत होतो, कसं सांगितलं तर नाक वाचेल. ठेकेदाराला आयतं कोलीत मिळणार होतं, समितीनंच मॉडेल थांबवलं म्हणून. सहा वर्षांचं नाव एका संध्याकाळी जाणार होतं. एक वाक्य तर तयारही केलं होतं: 'तांत्रिक गैरसमज झाला.' गुळगुळीत. कुणालाही खपेल असं.

रविवारी सकाळी समितीची बैठक बोलावली. खोली भरली. ताई आल्या नव्हत्या. मी बोलावलंच नव्हतं, तेवढा धीर नव्हता. एका हातात पत्रक, दुसऱ्यात यादी घेऊन उभा राहिलो. न्हावीकाका पुढच्याच बाकावर होते. "अध्यक्ष, कागद सुलटा धरलाय ना?" ही गोष्ट वस्तीभर फिरली होती तर.

"या वेळी धरलाय," मी म्हणालो. आणि ते गुळगुळीत वाक्य तोंडात आलंच नाही. सांगितलं सगळं. रकाना कापला तोही. का कापला तेही, की एका बाईनं मला चारचौघांत कागद फिरवायला सांगितला आणि ते मला सोसलं नाही, म्हणून.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मागून एक आजी म्हणाल्या, "माझी सून आठव्या महिन्यात आहे. तिला कुठून नेणार आहेस?"  मग न्हावीकाका म्हणाले, "त्या बाईंना परत बसवा, असं लिही. मी सही करतो. तू मात्र अध्यक्ष नको." त्यावर हात वर झाले. पत्र मी लिहिलं, सहीला माझा नंबर शेवटचा लागला.

ताई परत आल्या. साहेबांनी बोलावलं, थोडं ओशाळून. बांधलेली इमारत मोजायला त्या टेप घेऊन साइटवर गेल्या, तेव्हा टेपचं टोक धरायला मी होतो. त्यांनी बोलावलं नव्हतं, मी गेलो होतो. त्या आकडा सांगायच्या, मी लिहायचो. चौथ्या खोलीत त्यांनी माझी वही तपासली, तीन आकडे उलटे लिहिलेले निघाले. पुन्हा मोजायला लावलं.   

वरच्या स्लॅबला एकही हातोडा लागला नाही. पाइपांची भोकं जिथे हवीत तिथेच सोडलेली होती. ठेकेदार स्वतः म्हणाला की असं काम त्याने पाहिलं नव्हतं, आणि मॉडेलमधून छापलेला सळयांचा आकडा खिशात ठेवून हिंडत होता. पण खालचं नुकसान नुकसानच. फोडलेल्या बीमखाली लोखंडी कॉलम द्यावा लागला, प्रसूतीची खोली दुसऱ्या टोकाला न्यावी लागली. सात महिने गेले. त्या सात महिन्यांत आजींची सून आणि आणखी कितीतरी जणी जुन्या जिन्यानं खुर्चीतून वर गेल्या. मी उचलायला असायचो. खुर्चीवर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे मी बघत नसे.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी ताईंनी ऑफिसात बोलावलं. पडद्यावर बोळ होता, मधोमध तो कॉलम, करडा. "यावर टिचकी मारली की माहिती उघडते," त्या म्हणाल्या. "पुढे वीस वर्षांनी कोणी दुरुस्तीला आलं तर त्याला कळलं पाहिजे. केव्हा दिला, किती जाडीचा, सगळं भरलंय. का दिला, एवढं राहिलंय."

"माझं नाव घाला," मी म्हणालो.

"नाव काय करायचंय त्यांना. कारण सांगा."

मी विचार केला. "यादी न वाचता काम सुरू करायला लावलं."

त्यांनी टाइप केलं, थांबल्या. "'वाचता' ठेवू की 'वाचू देता' करू? लोकांनाही अर्धीच दिली होती तुम्ही."

"वाचू देता," मी म्हणालो.

त्यांनी एक शब्द वाढवला, नोंद बंद केली आणि गच्चीच्या पाण्याच्या टाकीकडे वळल्या. तिथे अजून दोन टकरी बाकी होत्या.